बाबा ब्लूबेरी खात नाहीत, माझं काही चुकतंय का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५२, नोकरी करतात. ७९ वर्षांचे वडील त्यांच्याजवळ राहतात. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी वडिलांना ‘सौम्य स्मृतिदोष’ असल्याचं सांगितलं. म्हणजे वयाच्या मानाने विसरणं जास्त, पण स्मृतिभ्रंश म्हणण्याइतकं नाही. तेव्हापासून ताईंनी मिळेल ते वाचायला सुरुवात केली. बेरी खाल्ल्याने आतड्यातले चांगले जीवाणू वाढतात आणि ते मेंदूचं म्हातारपण लांबवतात, असं वाचून त्या रोज सकाळी बाबांना वाटीभर ब्लूबेरी आणि रास्पबेरी देऊ लागल्या. त्यावर बेरीची पावडर, वर प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जीवाणूंची, कॅप्सूल. बाबा आधी कुरकुरले, मग स्पष्ट नाही म्हणाले. गेल्या महिन्यात खिडकीतल्या कुंडीत मातीखाली पुरलेल्या ब्लूबेरी सापडल्या आणि कडाक्याचं भांडण झालं. ‘तू मला पेशंट करून टाकलंस,’ असं म्हणून बाबांनी बोलणंच टाकलं. परगावी असलेल्या भावाच्या मते हे सगळं थोतांड आहे. बाबांना मधुमेह आहे, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला तेव्हा अँटिबायोटिक्सचा मोठा कोर्स झाला. त्यात जीवाणू मेले आणि म्हणून विसरणं वाढलं, अशी ताईंची शंका आहे. मग शौचाची जीवाणू-तपासणी करून घ्यावी का? बाबा सकाळच्या वाटीव्यतिरिक्त पाव-बिस्किटांवर दिवस काढतात, दुपारी एकटेच जेवतात. पत्राचा शेवट असा: ‘ते खात नाहीत आणि टीव्ही मोठ्याने लावून बसतात. उद्या त्यांनी मला ओळखलं नाही तर मीच कमी पडले असं मला वाटेल.’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, कारण सगळं पत्र त्याच्याच ओझ्याखाली लिहिलेलं दिसतं. बाबांनी ब्लूबेरी खाल्ल्या नाहीत म्हणून ते तुम्हाला ओळखेनासे होणार नाहीत. आणि रोज निमूट खाल्ल्या असत्या तरी ओळखतीलच, अशी हमी कुणी देऊ शकलं नसतं. सौम्य स्मृतिदोष असलेल्यांपैकी काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काहींचं तर सुधारतंही. हे कशावर ठरतं याची यादी लांबलचक आहे आणि त्यात नाश्त्याच्या वाटीचा वाटा फार लहान आहे.

म्हणून तुमच्या भावाचं बरोबर, असंही नाही. बेरीबद्दल जे बोललं जातं त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे. फक्त ते संशोधन जेवढं सांगतं त्याच्या चौपट आपल्यापर्यंत पोहोचतं.

आधी ही फळं पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण इथेच तुमची पहिली समजूत थोडी सरकवायची आहे. ब्लूबेरी मधोमध चिरून पाहा. आतला गर फिकट हिरवट असतो, जांभळा रंग जवळजवळ सगळा सालीत असतो. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. ही द्रव्यं लहान आतड्यात फारच थोडी शोषली जातात. बराचसा माल तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जीवाणू त्याचे तुकडे पाडून साधी, छोटी आम्लं तयार करतात. रक्तात मिसळतात ती मुख्यतः ही आम्लं. म्हणजे बेरी आपण खातो, पण शरीराच्या हाती लागतं ते बरंचसं जीवाणूंनी बनवलेलं असतं. बेरी आणि जीवाणू यांचं नाव एकत्र घेतलं जातं ते यामुळे, आणि ते योग्यच आहे.

यात एक गंमतही आहे. स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीत एलॅजिटॅनिन नावाची आणखी काही द्रव्यं असतात. त्यांच्यापासून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनवणारे जीवाणू काहींच्या पोटात असतात, काहींच्या नसतात. दोन माणसांनी एकाच वाटीतून निम्मी निम्मी फळं खाल्ली तरी दोघांच्या रक्तात वेगळं काहीतरी पोहोचू शकतं. त्यामुळे ‘अमुक इतक्या बेरी खा, तमुक इतका फायदा’ हे गणित कुणी मांडलं की ते ऐकून सोडून द्यावं.

मग ही आम्लं मेंदूचं भलं कसं करतात? पूर्वी याचं एकच उत्तर ठोकून दिलं जायचं: अँटिऑक्सिडंट. कोणत्या फळात किती, याचे तक्ते निघाले होते. असा एक मोठा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला होता. परीक्षानळीतल्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नाही आणि कंपन्या मात्र ते आकडे जाहिरातीत वापरतात, असं म्हणून खात्यानेच तो २०१२ साली काढून टाकला. पावडरीच्या डब्यांवर मात्र तो शब्द अजून ठळक अक्षरांत असतो. तुमच्या डब्यावरही असेल.

आता संशोधकांचं लक्ष जास्त आहे ते रक्तवाहिन्यांकडे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली साधारण वीस टक्के तो एकटा घेतो. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या लवचीक राहिल्या तर त्याचं भागतं. बेरीतून बनणारी द्रव्यं वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मदत करतात, असं दिसतं. दुसरा मार्ग चोथ्याचा. फळातला, धान्यातला, डाळीतला चोथा आंबवून जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. अस्तर धड असलं की शरीरभर धुमसणारी बारीकशी सूज कमी राहते, आणि ही दीर्घकाळची सूज मेंदूलाही भोवते. तिसरा मार्ग आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा. त्याच्यावर काम चालू आहे, पण प्राण्यांत जेवढं दिसलंय तेवढं माणसांत अजून नाही. (‘शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन पोटात बनतं, म्हणून पोट खूश तर मेंदू खूश’ हे वाक्यही तुम्ही वाचलं असेल. पहिला भाग खरा आहे. पण पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, हे पुढे कुणी सांगत नाही.)

आता पुरावा. या सगळ्याची सुरुवात बोस्टनमध्ये म्हाताऱ्या उंदरांपासून झाली. १९९९ साली जेम्स जोसेफ, बार्बरा शुकिट-हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालक मिसळलेलं खाणं दिलं. स्मरण सुधारलं, आणि तोल-हालचालीत ब्लूबेरीवाले उंदीर सगळ्यांत पुढे होते. नंतर माणसांकडे लक्ष वळलं. अमेरिकेतल्या परिचारिकांचा एक प्रचंड अभ्यास १९७६ पासून चालू आहे. त्या काय खातात हे १९८० पासून ठराविक काळाने विचारलं जात होतं. त्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या १६,०१० जणींची स्मरणशक्ती फोनवरून पुन्हा पुन्हा तपासली गेली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: ज्या जास्त ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी खात होत्या त्यांच्या मेंदूची घसरण हळू होती, जास्तीत जास्त अडीच वर्षांनी मागे असावी इतकी. आणि ‘जास्त’ म्हणजे किती? ब्लूबेरी आठवड्यातून एकदा किंवा अधिक, स्ट्रॉबेरी दोनदा किंवा अधिक. रोज वाटीभर कुणी म्हटलेलं नाही.

हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, पण तो काय सिद्ध करत नाही हेही कळायला हवं. नियमित बेरी खाणाऱ्या बायका बहुधा जास्त चालत असतील, कमी धूम्रपान करत असतील, हाताशी पैसा बरा असेल. अभ्यासकांनी हिशेबात याची वजावट केली, पण अशी वजावट कधीच पुरती होत नाही. म्हणून प्रयोग हवेत: काहींना द्यायचं, काहींना दिसायला तसंच पण वेगळं काहीतरी द्यायचं.

तसे प्रयोग झाले आहेत, बहुतेक छोटे. २०२३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने प्रसिद्ध केलेला एक तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडतो. ६५ ते ८० वर्षांचे ६१ निरोगी लोक, बारा आठवडे, रोज २६ ग्रॅम रानटी ब्लूबेरीची पावडर किंवा तशीच दिसणारी दुसरी पावडर. ब्लूबेरी घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी साडेतीन अंकांनी उतरला, रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं, ऐकलेली शब्दांची यादी लगेच म्हणून दाखवण्यात ते थोडे पुढे गेले. आणि आतड्यातले जीवाणू? त्यांच्या रचनेत काहीच फरक दिसला नाही.

या शेवटच्या वाक्याशी जरा थांबा. ‘बेरी खा, चांगले जीवाणू वाढवा, मेंदू वाचवा’ ही साखळी तुम्ही धरून चालला आहात. इथे तिची पहिली आणि शेवटची कडी थोडी हलली, मधली हललीच नाही. याचा अर्थ जीवाणूंचा संबंध नाही, असा नव्हे. गावाची शिरगणती तीच राहून लोकांचे उद्योग बदलावेत, तसं पोटातही होत असेल. त्या लोकांच्या लघवीत बेरीपासून बनलेली द्रव्यं वाढलेली होतीच. दुसऱ्या काही छोट्या प्रयोगांत बायफिडोबॅक्टेरिया हे चांगले समजले जाणारे जीवाणू वाढलेले दिसलेही आहेत. पण जीवाणूंची संख्या हे यशाचं माप धरून बाबांच्या मागे लागणं, किंवा त्यासाठी तपासण्या करणं, याला आज आधार नाही. आणि यातल्या पुष्कळ प्रयोगांना बेरी पिकवणाऱ्यांच्याच संघटनांचा पैसा असतो. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना भुवई किंचित वर असावी.

सगळ्यांत मोठा धडा ‘माइंड’ आहाराचा. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ मध्ये मांडलेला हा आहार. यात फळांपैकी फक्त बेरीचं नाव घेतलेलं आहे, आठवड्यातून किमान दोनदा. त्यांच्या निरीक्षणात हा आहार काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्के कमी दिसलं आणि मथळे झळकले. मग त्याचा खरा प्रयोग झाला, ६०४ वयस्क लोकांवर, तीन वर्षं. निकाल २०२३ मध्ये आला. माइंड आहारवाले आणि नेहमीचंच पण थोडं कमी खाणारे, दोन्ही गटांची स्मरणशक्ती थोडी सुधारली, दोन्ही गटांचं वजन उतरलं, आणि दोन्हींत सांगण्याजोगा फरक नव्हता. हा मथळा तुमच्यापर्यंत पोहोचला नसेल, याचं मला नवल वाटत नाही.

आता अँटिबायोटिक्स. न्यूमोनियानंतर बाबांचं विसरणं वाढलं हे तुम्ही पाहिलंत, ते खरं असणार. पण उतारवयात न्यूमोनियासारखा आजार, ताप, ऑक्सिजन कमी पडणं, रुग्णालयातल्या रात्री, झोपेची वाट लागणं, हे सगळं मिळून मेंदूला जबर धक्का देतं. त्यातून कित्येकांचं विसरणं काही महिने वाढलेलं राहतं. जीवाणूंपर्यंत जायची गरजच पडत नाही. शिवाय कोर्स संपल्यावर बहुतेक जीवाणू काही आठवड्यांत-महिन्यांत परततात, काही जाती रेंगाळतात किंवा येत नाहीत. त्या वेळी ती औषधं नसती तर काय झालं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. ती दिल्याचं शल्य बाळगू नका.

शौचाची तपासणी नको. कुठला नमुना ‘नॉर्मल’, हेच अजून ठरलेलं नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यातले जीवाणू वेगळे असतात हे दिसलंय, पण विसरणाऱ्या माणसाचं खाणं बदलतं, हालचाल कमी होते, औषधं वाढतात, आणि या प्रत्येकाने जीवाणू बदलतात. आधी काय आणि नंतर काय, ते त्या अहवालातून कळत नाही. बाबांच्या बाबतीत तर मेटफॉर्मिनच आतड्यातल्या जीवाणूंची रचना बदलतं. हाती येईल तो रंगीत तक्ता आणि खाली चार पावडरींची शिफारस.

त्या पैशात दुसऱ्या दोन तपासण्या करा, आणि त्या लवकर करा.

पहिली बी-१२ची. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी होणं नेहमीचं आहे. कमी झालं की विसरणं वाढतं, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आणि हे औषधाने भरून काढता येतं. पित्तासाठीची गोळी बरेच दिवस चालू असेल तर शक्यता आणखी वाढते. त्याच वेळी थायरॉइड पाहायला सांगा, आणि बाबांच्या सगळ्या गोळ्या, झोपेची, ॲलर्जीची, लघवीची, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतात. त्यांची नावं मी इथे देत नाही, कारण वाचून कुणीतरी परस्पर बंद करेल.

दुसरी तपासणी कानांची. ताई, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात बेरीवर दीड पान आहे आणि ‘टीव्ही मोठ्याने लावून बसतात’ हे चार शब्द, तेही तक्रार म्हणून. मला ते चार शब्द त्या दीड पानापेक्षा महत्त्वाचे वाटतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा सुधारता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, नजर, वाईट कोलेस्टेरॉल अशी ती कारणं आहेत. ती सगळी हाताळता आली तर जगातले साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे. मध्यम वयातली श्रवणहानी त्यात सगळ्यांत जड कारणांपैकी एक आहे. कोणतंही एक फळ त्या यादीत नाही. ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना घेऊन श्रवणयंत्रांचा प्रयोगही झाला. सरसकट सगळ्यांत फरक पडला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत ४८ टक्के कमी राहिली. बाबा त्या दुसऱ्या गटासारखे वाटतात. आणि एक साधी गोष्ट: जे नीट ऐकूच आलं नाही, ते लक्षात कसं राहील? निम्मं ‘विसरणं’ कानातच अडकलेलं असू शकतं.

मग बेरीचं काय करायचं?

आधी बाबांना विचारा, आणि विचारताना वाटी समोर नको. ‘बाबा, त्यात नक्की काय नको वाटतं?’ एवढंच. मला शंका आहे ती कवळीची. रास्पबेरीच्या बिया इवल्याशा आणि टणक असतात. कवळी असेल तर त्या हिरडी आणि कवळीच्या मध्ये जाऊन बसतात आणि दिवसभर टोचतात. ब्लूबेरी फ्रीजमधून काढून तशाच दिल्या तर दातांतून कळ जाते. स्मृतिदोषात वास आणि चव मंदावू शकतात. यातलं काही असेल तर त्यांनी ते सांगितलंही असेल, फक्त ‘मला नको’ या दोन शब्दांत. बिया नकोत तर रास्पबेरी सोडा. ब्लूबेरी आधी बाहेर काढून ठेवा, गरम ओट्समध्ये किंवा दह्यात मिसळा. दुधातल्या प्रथिनांनी शोषण कमी होतं असं तुम्ही वाचलं असेल. त्याच्या खोलात शिरू नका. आवडीने खाल्लेली दह्यातली बेरी, मातीत गेलेल्या नुसत्या बेरीपेक्षा बरी.

आणि ती कुंडी. तुम्हाला ती फसवणूक वाटली. मला तर त्यात जरा गंमतच वाटली. तुमची नजर चुकवायची, माती उकरायची, वर सारखी करायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, याला डोकं लागतं. पण गमतीपलीकडे, ‘नाही’ म्हटलेलं कुणी ऐकत नाही असं वाटलं की माणूस लपवायला लागतो. बाबांना सौम्य दोष आहे, मत हरवलेलं नाही. काय खायचं हे ठरवण्याचा हक्क ७९व्या वर्षी काढून घेतला तर त्याच्याबरोबर बरंच काही जाईल. रोज सकाळचा तणाव, मग अबोला, मग एकट्याने जेवणं, हे त्यांच्या मेंदूच्या बाजूचं नाही, कितीही अँथोसायनिन पोटात गेलं तरी.

म्हणून माझं सांगणं असं की रोजची वाटी बंद करा. आठवड्यातून दोनदा-तीनदा मूठभर, आवडेल त्या रूपात, तेही घरातल्या सगळ्यांसाठी. ‘बाबांचं’ म्हणून वेगळं नको. ताज्याच हव्यात असं नाही. गोठवलेल्या बेरीत रंगद्रव्यं चांगली टिकतात. रस नको, त्यात चोथा जातो आणि मधुमेह्याला नुसती साखर उरते. जॅममध्ये तर उष्णतेने बरीचशी रंगद्रव्यंही जातात. बेरीच हवी असाही हट्ट नको. काळी द्राक्षं, प्लम, लाल कोबी, वांग्याची जांभळी साल, यांत त्याच कुळातली रंगद्रव्यं आहेत. द्राक्षं मात्र साखर पाहून.

पावडर संपली की नवी आणू नका. प्रोबायोटिकची कॅप्सूल डॉक्टरांनी काही कारणाने दिली नसेल तर तीही पुरे. ज्यांच्या घरी वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू आहे त्यांनी क्रॅनबेरीचा अर्क किंवा कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

यापेक्षा मोठं काम उरलेल्या दिवसाचं आहे. सकाळी वाटीभर फळ आणि मग रात्रीपर्यंत पाव-बिस्किटं, यात जीवाणूंना खायला जवळपास काही उरतच नाही. बेरी हा त्यांचा एक घास झाला. डाळी, कडधान्यं, भरड धान्यं, भाज्या, अक्रोड हे त्यांचं जेवण. पाच युरोपीय देशांतल्या ६१२ वयस्क लोकांना वर्षभर भूमध्यसागरी पद्धतीचं जेवण दिलं तेव्हा जीवाणूंत झालेला बदल कमी अशक्तपणाशी आणि बऱ्या स्मरणाशी जोडलेला दिसला. तिथे बदललं होतं ते सगळं ताट. बाबांचा पांढरा पाव जाऊन भरड धान्याचा आला आणि दुपारी डाळ किंवा कडधान्य पोटात गेलं, तरी मोठी मजल झाली. एकदम मात्र करू नका. म्हाताऱ्या पोटात चोथा अचानक वाढला की वायू धरतो, मग तेही नको होतं. आठवड्याला एक बदल, आणि पाणी भरपूर.

दुपारी ते एकटे जेवतात ते मला सगळ्यांत खटकलं. तुम्ही कामावर असता, इलाज नाही. पण आठवड्यातल्या एखाद्या दुपारी कुणी जुना मित्र, शेजारी जेवायला येऊ शकेल का, ते पाहा. फळं आणायला जाताना बाबांना सोबत न्या आणि निवड त्यांना करू द्या. थोडं चालणंही होईल. केळी निवडली तर केळी.

आता तुमच्याविषयी. त्या परिचारिकांच्या अभ्यासाकडे पुन्हा एकदा पाहा. सुरुवातीला त्या ३० ते ५५ वयाच्या होत्या. त्यांनी काय खाल्लं हे विचारायला सुरुवात झाली ती मध्यम वयात, आणि मेंदू तपासला सत्तरीनंतर. अल्झायमरची प्रक्रियाही लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेली असते. म्हणजे जो काही पुरावा आहे तो ७९ वर्षांच्या बाबांपेक्षा ५२ वर्षांच्या तुम्हाला जास्त लागू आहे. बाबांच्या वाटीपायी तुम्ही स्वतः सकाळी काय खाता, ते पत्रात कुठेच नाही. तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, कोलेस्टेरॉल किती, रात्री झोप किती तास, तेही नाही. घरात कुणाच्या पोटात आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर बेरी नेमाने जायच्याच असतील तर त्या तुमच्या जाऊ द्या.

आणि भाऊ. परगावाहून थोतांड म्हणणं सोपं असतं, पण त्याच्याशी बेरीवरून वाद घालण्यात तुमची शक्ती घालवू नका. त्याला काम द्या. बाबांच्या गोळ्यांच्या यादीचा फोटो त्याला पाठवा, बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं आहे हे डॉक्टरांशी बोलून ठरवायला सांगा. कानाच्या तपासणीची वेळ त्यानेच घ्यावी, आणि त्या दिवशी रजा काढून बाबांना त्यानेच घेऊन जावं.